सहा वर्षांच्या मुलाच्या तोंडून विनोदी कथा कशी लिहावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मावशीला बघायला पाहुणे येतात, तो कांदेपोह्यांचा कार्यक्रम सहा वर्षांचा ओम आपल्याला सांगतो. तुम्ही त्याला बोबडं बोलायला लावलंय, मध्येमध्ये गमतीदार प्रश्न विचारायला लावलेत. वाचणारे 'गोड आहे' म्हणतात, पण हसत कुणी नाही. एका मैत्रिणीने तर सांगितलं की हे मूल वाटत नाही, मोठ्या माणसाने घेतलेलं मुलाचं सोंग वाटतं. कुठे चुकतंय?

मी अठ्ठावीस वर्षं पहिली-दुसरीच्या वर्गांना शिकवलं आणि तेवढीच वर्षं मुलांच्या तोंडच्या कथा लिहिल्या. तुम्ही दिलेली तीन पानं दोनदा वाचली. मैत्रिणीचं बरोबर आहे. तुमच्या ओमला आपण गमतीदार आहोत हे ठाऊक आहे. प्रत्येक वाक्यानंतर तो तुमच्याकडे बघतो, हसलात का म्हणून. खरं मूल असं बघत नाही. ते विनोद करत नसतं, हिशेब करत असतं. हाताशी असलेल्या माहितीवरून अगदी काटेकोर हिशेब, आणि माहितीच अर्धी असल्यामुळे उत्तर भलतंच येतं.

माझ्या वर्गातली गोष्ट सांगते. एकदा मी पहिलीला बजावलं, "उद्या एकही वही विसरायची नाही." दुसऱ्या दिवशी एक मुलगा दप्तर ओढत ओढत आला. त्यात त्याच्या वह्या होत्या, दहावीतल्या ताईच्या वह्या होत्या, आईची हिशेबाची वही होती आणि वडिलांच्या किराणा दुकानातली उधारीची वही होती. दुपारी वडील धापा टाकत शाळेत आले. मुलगा मला म्हणाला, "बाई, एकही विसरलो नाही." त्याचा चेहरा अभिमानाने फुलला होता. मी सांगितलेल्या शब्दाला तो शब्दशः जागला होता. चूक झालीच असेल तर माझ्या वाक्याची. हसू येतं ते इथे, आणि त्या हसण्यात मुलाबद्दल आदर असतो. तुमच्या पानांत नेमका तो आदर नाही. ओमला काही कळत नाही म्हणून आपण हसावं, अशी तुमची अपेक्षा आहे. त्याला बरंच कळतं आणि तरीही मोठ्यांचं जग त्याच्या हिशेबात बसत नाही, असं लिहून बघा.

आता बोबड्या बोलांकडे येते, कारण ते आधी काढायचे आहेत. सगळेच्या सगळे. सहा वर्षांचं मूल सहसा 'मावची आनि पावने आले' असं बोलत नाही, हे एक कारण. दुसरं त्याहून महत्त्वाचं. बोबडं बोलणाऱ्या मुलालाही स्वतःचं बोलणं बोबडं ऐकू येत नाही. जीन बर्को आणि रॉजर ब्राऊन या भाषाअभ्यासकांनी १९६० साली एका मुलाची नोंद केली आहे. तो आपल्या खेळण्यातल्या माशाला 'फिश' न म्हणता 'फिस' म्हणायचा. मोठ्या माणसाने विचारलं, "हा तुझा फिस का?" तो म्हणाला, "नाही, माझा फिस." पुन्हा विचारलं, पुन्हा नकार. शेवटी 'फिश' म्हटल्यावर तो खूश होऊन म्हणाला, "हो, माझा फिस." साखरेला 'ताकल' म्हणणारी नात आजोबांनी "ताकल हवी?" विचारल्यावर रुसते, ती याच कारणाने. कथा जर मुलाच्या डोक्यातून सांगायची, तर डोक्यातले उच्चार शुद्ध आहेत. बोबडेपणा फक्त ऐकणाऱ्याच्या कानाला असतो. म्हणजे बोबडे शब्द लिहिताक्षणी तुम्ही ओमच्या डोक्यातून उठून समोरच्या खुर्चीवर बसता, पाहुण्यांच्या शेजारी.

व्याकरणाच्या चुका मात्र वेगळ्या. 'मी करलं', 'झुरळ मरलं' असं लहान मुलं म्हणतात आणि त्यांचं तर्कशास्त्र पक्कं असतं. धर-धरलं, भर-भरलं, तर कर-करलं का नाही? 'केलं' आणि 'मेलं' हा भाषेचा लहरीपणा आहे. पण हे तीन-चार वर्षांच्या मुलाला शोभतं. ओमच्या तोंडी घालू नका. त्याला धाकटी बहीण असली तर तिला द्या आणि ओमला ती चूक सुधारू द्या. सहा वर्षांच्या मुलाला स्वतःहून लहान कुणाला तरी सुधारण्याइतका आनंद दुसऱ्या कशात होत नाही.

वयाचं गणित इतकं बारीक असतं, म्हणून लिहिण्याआधी वय महिन्यांपर्यंत ठरवा. एक कसोटी सांगते. हाइन्झ विमर आणि जोसेफ पेर्नर यांनी १९८३ साली मुलांना माक्सी नावाच्या मुलाची गोष्ट सांगितली. माक्सी चॉकलेट निळ्या कपाटात ठेवून खेळायला जातो, आई ते हिरव्या कपाटात हलवते. परत आल्यावर माक्सी कुठे शोधेल? तीन-चार वर्षांची मुलं बहुतेक 'हिरव्या' म्हणतात. आपल्याला माहीत आहे ते माक्सीलाही माहीत असणार, असं त्यांना वाटतं. सहाच्या पुढची बहुतेक मुलं 'निळ्या' म्हणतात. लेखकासाठी ही सोन्याची खाण आहे. चार वर्षांचं मूल पलंगाखालचा लाडवांचा डबा लपवू शकत नाही, कारण लपवणं म्हणजे काय हेच त्याला पुरतं उमगलेलं नसतं. सहा वर्षांचं मूल लपवू शकतं, आणि मग त्याला तो लपवल्याचं ओझं होतं. तुमचा ओम सहाचा आहे. त्याच्याकडे गुपित असू शकतं. तुमच्या तीन पानांत त्याच्याकडे एकही गुपित नाही.

टोमणा हीसुद्धा वयाचीच गोष्ट. सहाच्या आसपास टोमणे नुकते कळू लागतात, ते पण आवाजावरून, शब्दांवरून नाही. आणि आपल्या मराठी घरांत तर टोमण्यांशिवाय पान हलत नाही. 'या महाराज', 'काय दिवे लावलेत', 'छान उजेड पाडलास', 'झाली का स्वारी तयार?' अशा घरात वाढणारं मूल अर्धा दिवस आपली स्तुती झाली की फजिती, हेच चाचपडत असतं. प्रगतिपुस्तक बघून बाबा म्हणतात, "वा! दिवे लावले की!" आणि ओम संध्याकाळी खालच्या काकूंना सांगतो, "बाबा म्हणाले, मी दिवे लावले. पण आईने ते पुस्तक कपाटात वर ठेवलं, हात पोचणार नाही असं. चांगल्या वस्तू आई तिथेच ठेवते." बघा, त्याने पुरावासुद्धा दिला. पुरावा दिल्याशिवाय मुलाचा गैरसमज खरा वाटत नाही.

इथे एक विनंती. 'पालकांना घेऊन ये' म्हटल्यावर पालकाची जुडी आणणारा मुलगा आणि बाबांचं नाव 'अहो' समजणारी मुलगी, या दोघांना आता विश्रांती द्या. तुमच्या दुसऱ्या पानावर 'अहो' आहे. तो विनोद आपण सगळे ऐकत मोठे झालो. वाचक ओमला सोडून चुटक्यांच्या पुस्तकात जातो.

शब्दांपेक्षा जास्त त्रास देतात ती तुमची विशेषणं. 'बाबा हताश झाले', 'आजी खोचकपणे म्हणाली', 'वातावरण एकदम गंभीर झालं'. हे निष्कर्ष आहेत आणि ते मोठ्या माणसाने काढलेत. मुलाला फक्त दिसतं. बाबांनी चष्मा काढला आणि डोळे चोळले. आजीने पदर खोचला. सगळे चहा प्यायचे थांबले, फक्त पंख्याचा आवाज येत होता. 'हताश' हा शब्द वाचकाला स्वतः उच्चारू द्या, त्याचं हसू तिथून निघतं. आणि ते दिसणं कुठून, तेही लक्षात ठेवा. सहा वर्षांचं मूल पावणेचार फुटांच्या आसपास असतं. त्याच्या डोळ्यांसमोर चेहरे नसतात. गुडघे, निऱ्या, पँटचे खिसे, टेबलाची खालची बाजू, बशा धरलेले हात, हे असतं. होणाऱ्या नवऱ्याचा एक मोजा मागे फाटलाय, हे त्या खोलीत फक्त ओमला माहीत असणार. ते त्याचं भांडवल आहे.

मराठीने आपल्याला एक हत्यार असं दिलंय की ते वापरलं नाही तर हळहळ वाटते: 'आपण' आणि 'आम्ही'. आई म्हणाली "आपण जाऊ", की मूल चपला घालायला धावतं. "आम्ही जाऊन येतो" म्हणाली, की तिथेच फतकल मारून भोकाड पसरतं. कारण 'आम्ही'त ते नाही, हे त्याला कुणी शिकवावं लागत नाही. एका सर्वनामात आख्ख्या घराचं राजकारण! काळाचंही तसंच बघा. 'तीन महिन्यांपूर्वी' हे ओमचं वाक्य नाही. गणपती गेल्यावर, सहामाहीच्या आधी, माझा दात पडला होता तेव्हा, असं तो म्हणेल.

माणसं ओळखण्याची मुलांची रीत फार ठाम असते, एका माणसाला एक खूण. रने गॉसिनी यांनी लिहिलेल्या आणि सेम्पे यांनी चित्रं काढलेल्या फ्रेंच 'छोट्या निकोला'च्या गोष्टी १९५९ पासून वर्तमानपत्रात येऊ लागल्या. त्यात आल्सेस्त हा मित्र आला की तो जाडा आहे आणि सारखा खातो, हे निकोला पुन्हा सांगतोच. आन्यान आला की तो वर्गात पहिला असतो आणि चष्मा असल्यामुळे त्याला मारता येत नाही, हे ठरलेलं. पुनरावृत्ती कंटाळवाणी होत नाही, कारण निकोलासाठी ते जगाचे नियम आहेत. आपल्याकडे प्रकाश नारायण संतांच्या कथांमधला, स्वतःची गोष्ट सांगणारा मुलगा लंपन आणि त्याचं 'मॅड' आठवा. एकच शब्द, पण राग, कौतुक, लाज, प्रेम, ज्याला नाव देता येत नाही ते सगळं लंपन त्यात ठेवतो. ओमलाही एक शब्द लागेल. तो मी सुचवणार नाही. दुसऱ्याने दिलेला शब्द मुलाच्या तोंडी बसत नाही. महिनाभर एखाद्या सहा वर्षांच्या मुलाच्या आसपास राहा, तो आपोआप सापडेल.

आता मूळ दुखण्याकडे. तुमच्या कथेत ओमला काहीच हवं नाहीये. तो नुसता बघतोय. जे मूल नुसतं बघतं ते गोड दिसतं आणि ज्याला काहीतरी जिवापाड हवं असतं ते हसवतं. हे मी कशी शिकले ते सांगते, जरा लांबेल.

मी सहा वर्षांची असताना वाईला आजोबा गेले. दहाव्याला घरी मला सांभाळायला कुणी नव्हतं, म्हणून काकांनी कडेवर घेऊन कृष्णेच्या घाटावर नेलं. पिंड ठेवले होते आणि कावळा शिवत नव्हता. पलीकडे झाडावर बसून होता. आमच्याकडे समजूत अशी की गेलेल्या माणसाची काही इच्छा राहिली असेल तर कावळा शिवत नाही. म्हणून मोठी माणसं हात जोडून एकेक वचन देऊ लागली. शेवटपर्यंत तो आला नाही. मग दर्भाचा कावळा करून शिवला.

माझ्या पोटात मात्र दोन गोष्टींचा गोळा आला होता. एक म्हणजे आमच्या घरी काकू महिन्यातून तीन दिवस मागच्या पडवीत वेगळ्या चटईवर बसायची, आणि विचारलं की उत्तर मिळायचं, "तिला कावळा शिवलाय." कावळा शिवला की कुणाला हात लावायचा नाही, स्वयंपाकघरात यायचं नाही. आणि इथे सगळे तर कावळ्याला हात जोडून बोलावत होते! तो आजोबांना शिवला तर आजोबा देवाच्या घरीसुद्धा पडवीत बसणार. दुसरी गोष्ट पेढ्याची. आजोबांना मधुमेह होता. बाजारातून येताना ते मला शेंगा घेऊन द्यायचे, स्वतः एक कंदी पेढा खायचे आणि बजावायचे, "माझी शपथ आहे, आजीला सांगायचं नाही." त्यांची काय इच्छा राहिली असणार, हे त्या घाटावर फक्त मला ठाऊक होतं.

मी तेव्हा काही बोलले नाही. चाळीस वर्षांनी कथा लिहायला घेतली. पहिल्या चार खर्ड्यांत माझी मुलगी मोठ्यांच्या वागण्यावर शेरे मारत होती. 'मोठी माणसं किती विचित्र असतात' असं एक वाक्यही होतं. कथा मेलेली होती. पाचव्या खर्ड्यात मी सगळे शेरे काढले आणि मुलीला फक्त तिच्या अडचणीत सोडलं. तो उतारा असा झाला:

"काका म्हणाले, अण्णा, मी शेताची वाटणी मागणार नाही. कावळा आला नाही. बाबा म्हणाले, अण्णा, मी धाकटीचं लग्न करून देईन. कावळ्याने मान वाकडी केली, पण आला नाही. भटजींनी घड्याळ बघितलं. मला माहीत होतं काय पाहिजे ते. पण आजोबांनी त्यांची शपथ घातली होती. शपथ मोडली की ज्याची असते ते माणूस मरतं. आजोबा तर मेलेलेच होते. मग आता मोडली तर कोण मरणार, ते मला कळेना."

शेवटच्या वाक्याला माणसं हसतात आणि हसता हसता एकदम गप्प होतात, असा माझा अनुभव आहे. मुलगी तिथे विनोद करत नाही. ती खरोखर हिशेब मांडते आहे, कारण चुकला तर कुणाचा तरी जीव जाणार आहे. आणि हेही बघा की काका-बाबांबद्दल ती एक शब्द वाईट बोलत नाही. वाटणी आणि लग्न म्हणजे काय, त्यावर घरात काय भांडणं झाली असतील, ते वाचक आपलं आपण भरून काढतो. मुलाच्या खांद्यावरून वाचकाला जेवढं जास्त दिसेल तेवढी कथा खोल जाते. फक्त त्या खांद्यावर लेखकाने हात ठेवायचा नाही.

'कावळा शिवला' मला त्या कथेत दोन ओळींपुरतंच ठेवता आलं. ते ओढून ताणून वाढवलं असतं तर काकूचं पडवीतलं बसणं हा चेष्टेचा विषय झाला असता, आणि ते मला नको होतं. मुलाच्या गैरसमजाने कुणाची लाज उघड्यावर पडत असेल, तर आपण त्या माणसाच्या बाजूला उभं राहायचं. ही माझी हट्टाची गोष्ट आहे.

तर तुमचा ओम. पान दोनवर जाता जाता एक वाक्य आहे: मावशी त्याच्याजवळ झोपते. तुम्ही ते लिहून पुढे निघून गेलात, पण कथा तिथे आहे. रात्री शूला जायचं तर मागच्या अंधाऱ्या बोळातून जावं लागतं आणि मावशी दाराबाहेर उभी राहून गाणं म्हणते, म्हणजे ती आहे हे आतून कळतं. हे फक्त त्या दोघांना माहीत आहे, कारण पहिलीतल्या मुलाने घाबरायचं नसतं. आता पाहुणे आले की ओम मुलगा बघायला बसेल, घरातल्या सगळ्यांपेक्षा गंभीरपणे. पगार, पत्रिका, शिक्षण यांतलं काही त्याच्या कामाचं नाही. त्याला एकच गोष्ट तपासायची आहे आणि ती तपासताना स्वतःचं गुपित फुटू द्यायचं नाही. प्रसंग तोच, माणसं तीच, पोहेही तेच. मी नमुन्यादाखल शेवट असा लिहून बघितला. शब्द तुमच्या ओमचे नाहीत, ते तुम्ही बदलाल:

"मी त्यांच्या गुडघ्याजवळ जाऊन विचारलं, तुम्हाला अंधाराची भीती वाटते का? सगळे हसले. मावशी नाही हसली. ते म्हणाले, छे रे, मला कशाचीच भीती वाटत नाही. मग त्यांनी पोह्यातला खोबऱ्याचा कीस बाजूला काढला. त्यांची आई म्हणाली, आम्ही कळवतो. आम्ही म्हणजे ते सगळे, आपण नाही. ते गेल्यावर आजी म्हणाली, मुलगा चांगला आहे. मला पण चांगला वाटला. पण त्याला भीतीच वाटत नाही. मग त्याला मावशी कशाला पाहिजे?"